ठिगळ वाळेपर्यंत

मंडळी, आज माझ्यामुळे होडी फुटली.

आम्ही दहा जण हवा भरलेल्या होड्यांतून तापीने तीन दिवसांत सुरतला उतरतोय. माझ्या होडीत सुरतच्याच लिंबायत भागातले रमणकाका आहेत. लूमच्या कारखान्यातून त्यांना कित्येक वर्षांनी सलग सुट्टी मिळालीय.

दुपारी जेवायला थांबलो. होडी उन्हात ठेवली की थोडी हवा सोडायची असते, नाहीतर ती तापून फुगते. ते काम माझं. पण उसात मोर दिसला आणि मी निघालो त्याच्यामागे. परत येतो तर होडीची शिवण चार बोटं उसवलेली!

आमचा लीडर म्हणाला, "ठिगळ धरलं नाही, तर तुम्ही दोघं पुढच्या कामरेज गावाहून बसने घरी."

काकांनी ठिगळ चिकटवलं आणि ते दाबून राहावं म्हणून मला त्यावर बसवलं. त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "आठेच बस भो. हालू नको."

"आणि मोर आला तर?"

"मोरले मी देखसू."

दीड तास झाला. नदी समोरून चाललीय, माझ्या पायांत नुसती वळवळ. काका वाळूत आडवे झालेत, पण मधूनमधून एक डोळा उघडून मी ठिगळावर बसलोय ना ते बघतात. मला एका शब्दानेही रागावले नाहीत. म्हणूनच मला जागचं हलवत नाहीये.

तुम्ही कधी कुणासाठी इतका वेळ एका जागी बसलायत का?