पिशवीच्या पाठीवरचे गुलाब

मर्ल हॅस्केटच्या कामात चुका काढायचा पगार मला मिळत नव्हता, पण सव्वीस वर्षं मी ते काम फुकट केलं. शेरिडन गावातल्या आमच्या दुकानात तो चामड्यावर फुलं कोरायचा आणि मी त्याच्या कडा शिवायचे. एखादी पाकळी जाड झाली की तो तुकडा मी त्याच्या टेबलावर परत आपटायचे. हे फूल आहे की कोबी, असं विचारायचे. मग तो दिवसभर माझ्याशी बोलत नसे आणि संध्याकाळपर्यंत नवा तुकडा कापायला घेत असे.

त्याचा बाप दुसऱ्यांच्या गुरांमागे घोड्यावर फिरून कंबरेतून मोडला. मर्लला बसून करायचं काम हवं होतं, म्हणून सोळाव्या वर्षी तो खोगिरं कोरायला लागला. पुढे त्याची खोगिरं रोडिओत, गुराख्यांच्या घोडेस्वारी स्पर्धांत, बक्षीस म्हणून दिली जात. मग खोगिरांची गिऱ्हाइकं आटली आणि बायकांच्या पिशव्या आल्या. लिपस्टिक ठेवायला गुलाब कशाला लागतात, म्हणून त्याने नाक मुरडलं. कोरायचा मात्र खोगिरासारखंच. चामडं ओलं करून गालाला लावायचा आणि नुसतं गार लागलं की सुरी उचलायचा. सुरीचा छेद एकदा गेला की बुजत नाही. शेवटचे बारीक फटकारे तो आखणीशिवाय मारायचा, आणि ते पाहून दुसऱ्या दुकानातले लोकही त्याचं काम ओळखायचे.

एकाहत्तराव्या वर्षी त्याची बोटं सुजायला लागली. दुपारी बीन्सच्या तिखट रश्श्याबरोबर दालचिनीचा रोल खायला आम्ही बसायचो, तर चमचा धरणंही त्याला जड जायचं. त्या हिवाळ्यात मिसेस ओडेल आल्या. त्यांना दोन्ही बाजूंनी रानगुलाब कोरलेली पिशवी हवी होती, आणि तीही एकाच लांब तुकड्याची, बुडाशी जोड नको. पूर्वी असं काम मर्ल तीन दिवसांत हातावेगळं करायचा. या वेळी आठ दिवस लागले.

रंगवलेला तुकडा त्याने माझ्या टेबलावर ठेवला. मी तो मध्यावर दुमडून पाहिला. पुढचे गुलाब सरळ होते, पाठीमागचे सगळे खाली डोकं करून लटकत होते. तुकडा मध्ये दुमडायचा असतो, म्हणून दुसऱ्या अर्ध्यावर नक्षीचा कागद उलटा फिरवून ठेवावा लागतो. तो फिरवायचा मर्ल विसरला होता. नवशिक्या पोरांकडून होते ती चूक.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं चोळत होता. मला त्याची फार दया आली. तशीही ती बाजू अंगाकडेच राहणार, असं मनाशी म्हणून मी शिवायला घेतलं. दोन दिवस शिवत होते. तो समोर बसून अधूनमधून माझ्याकडे बघत होता, आणि मी चकार शब्द काढला नाही.

शनिवारी मिसेस ओडेल आल्या. त्यांनी पिशवी उलटीसुलटी करून पाहिली, फुलांवरून हात फिरवला, फारच छान झालीय म्हणाल्या आणि खांद्याला लावून गेल्या. मी सुटकेचा श्वास सोडला. मर्ल दाराकडे बघत होता.

"बर्निस, तुला दिसलं होतं ना?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "दिसलं होतं."

"मलाही दिसलं होतं, रंग देताना. तू आपटशील म्हणून तसंच तुझ्यापुढे ठेवलं. पुन्हा केली असती मी. महिना लागला असता, पण केली असती."

"तू इतका थकला होतास, मर्ल..."

"थकून मला सहा वर्षं झाली," तो कोट घालत म्हणाला. बटण त्याला लावता येईना, म्हणून मी उठले, तर त्याने मला हातानेच थांबवलं. "पण मी संपलो असं तुला वाटायला लागलंय, ते मला या आठवड्यात कळलं."

सोमवारी तो आला नाही. मंगळवारी मी त्याला फोन केला आणि ये म्हणून सांगितलं, शिव्यासुद्धा घातल्या. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बरं म्हणाला, आणि आला नाही.