तीन टॉवेल आणि एक सूर

दार करकरल्याचा, बदकावर पाय पडल्याचा आणि जिन्यावरून भांडी गडगडल्याचा आवाज एकाच वाद्यातून ऐकायला आवडणारी माणसं जगात फार थोडी. आमच्या गल्लीत तर मी एकटाच. ज्या परदेशी सॅक्सोफोनवाल्यावर मी कॉलेजपासून जीव टाकतो आहे, त्याला माझी बायको ‘तुमचा कुकरवाला’ म्हणते. तो वाजवतो ते जॅझ, पण जॅझच्या भल्याभल्या शौकिनांनाही ते सोसत नाही. माझ्याकडे त्याची प्रत्येक रेकॉर्ड आहे. राहिलं होतं ते एवढंच, की तो समोर उभा राहून वाजवतोय आणि मी ऐकतोय. एकदा, एखादा तुकडा का होईना.

दर रेकॉर्डनंतर मी त्याला लांबलचक, भावनेने थबथबलेली ईमेल पाठवायचो. उत्तर कधी आलं नाही. गेल्या हिवाळ्यात तो पुण्याहून आमच्या गावावरून हैदराबादला जाणार होता, तेव्हा पहिलंवहिलं उत्तर आलं: तुमच्या गावात यंत्रमाग आहेत ना, मला त्यांचा आवाज ऐकायचा आहे. माझ्याबद्दल एक अक्षर नाही.

स्टेशनवर उतरला तो साठीचा, ताडमाड, पाठीवर सॅक्सोफोनची पेटी. ती पेटी बघून रिक्षावाल्याने विचारलं, “कुणाचं लगीन हाय?” मी घरचा पत्ता सांगितला. खुलासा करायचा तर जॅझपासून सुरुवात करावी लागली असती.

घरी मी हॉल रिकामा करून ठेवला होता. फ्रिजची घरघर मध्ये येऊ नये म्हणून तोही बंद केला होता, त्यात बायकोने ठेवलेलं दूध नासलं. पाहुणेमहाराजांनी खुर्चीवर बसून शांतपणे सांगितलं, की मी इथे वाजवायला नाही, ऐकायला आलोय. मग ताटातली कडक भाकरी कानाजवळ नेऊन मोडली. पुन्हा मोडली. डोळे मिटून तिसऱ्यांदा मोडली.

“भाकरी खायची असते म्हणावं,” बायको म्हणाली. “ऐकायचीच होती तर मी कशाला चटणी कुटली?”

भवानी पेठेत माझ्या ओळखीच्या एकांचा टॉवेलचा कारखाना आहे. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, मागांशी नुसत्या हातवाऱ्यांनी बोलणारा हा गृहस्थ. गल्लीच्या तोंडापासूनच खडखडाट ऐकू यायला लागला तसं माझं दैवत झपाझप चालू लागलं. उंबऱ्यात पाय टाकला आणि सगळं चिडीचूप. पाहुणा दारात दिसताच मालकांनी हात वर केला होता आणि एकूण एक माग थांबले होते. त्यांच्याकडे रीतच ती. मागांच्या आवाजात ‘या, बसा’ कसं म्हणणार? टॉवेल, टोपी, नारळ झाला. मी म्हटलं माग चालू करा. ते म्हणाले आधी चहा.

शेजारच्या कारखान्यात गेलो तर बातमी आधीच पोचलेली. तिथेही माग बंद आणि टॉवेल तयार. त्याच्या पुढच्याही कारखान्यात तेच. गळ्यात तीन टॉवेल घेऊन तो माझ्याकडे असा बघत होता, की जणू या शहराची वाचा मीच घालवलीय.

पुन्हा पहिल्या मालकांकडे आलो. मी अक्षरशः हात जोडले.

“सर, पाहुणा उभा असताना खडखड करायचं? लोक आम्हाला काय म्हणतील की?”

यांच्या देशात यालाच मान देणं म्हणतात, असं मी ठोकून दिलं. नाइलाजाने त्यांनी माग सुरू केले. कानात जणू गिट्टी ओतली. पाहुण्याचा चेहरा उजळला. त्याने खिडकीत छोटा रेकॉर्डर ठेवला, थोडा वेळ डोळे मिटून उभा राहिला, आणि पेटी उघडली. मी पुढे सरकलो.

तो वाजवायला लागला. गाल फुगले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, बोटं पळत होती आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. हातभर अंतरावर उभा होतो मी. सिनेमाचा आवाज गेल्यावर थिएटरात निदान शिट्ट्या तरी मारता येतात.

पण चहासाठी माग थांबवणारा माणूस वाजंत्री चालू असताना ते कसे चालू ठेवील? मालकांनी हात वर केला. एकेक माग थांबत गेला आणि खडखडाटाच्या तळातून तो आवाज वर येत गेला. शेवटचा माग थांबला तेव्हा हवेत कापसाची भुरभुर होती आणि एक उघडा, खरखरीत, थरथरता सूर. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

तेवढ्यात त्याने डोळे उघडले आणि वाद्य खाली घेतलं. माग कुणी बंद केले, असं त्याने अतिशय थंड आवाजात विचारलं.

“काय म्हणाले सर?” मालकांनी मला विचारलं.

“लई आवडलं म्हणाले.”

आता या शांततेत थोडंसं वाजवा, अशी मी गयावया केली. तो पेटीची कडी लावत म्हणाला, “एकट्याने काय वाजवू? बाकीच्यांना तुम्ही थांबवलंत.”

त्याची नवी रेकॉर्ड परवा आली. त्यात आमच्या भवानी पेठेचा तुकडा आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत माग. तो कुठेही ऐकू येत नाही. आणि माग थांबायला लागतात, बरोबर तिथे त्याने कात्री लावली आहे. माझा सूर फेकून दिला आहे.

मालक भेटले की विचारतात, पाहुणे परत कधी येणार, चांगला डबल टॉवेल काढून ठेवलाय. बायकोने मात्र काल पहिल्यांदाच विचारलं, की एवढं काय होतं त्या सुरात. मी उभा राहिलो, डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि तो सूर तोंडाने काढून दाखवला.

डोळे उघडले तर ती समोर नव्हती. स्वयंपाकघरात कुकरखालचा गॅस बंद करायला गेली होती.