सुनंदाताईंच्या कपाळावरचं पीठ

माझ्या बायकोला हे माहीत नाही. माझ्या मार्गदर्शक मॅडमना माहीत नाही. गावी आईबाबांना तर मी नेमकं काय शिकलो हेच पुरतं कळलेलं नाही, मग हे कुठून कळणार? तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि यात भित्रेपणा आहे, तो आधीच मान्य करतो.

मी एका तालुक्याच्या गावचा. जिल्हा परिषदेची शाळा, मग जवळच्या शहरातलं कॉलेज. घरात माझ्याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं. दिल्लीत पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तेव्हा बाबांनी पंचशील ध्वजाखाली उभं करून माझा फोटो काढून घेतला होता. या शहराने, विद्यापीठाने, मॅडमनी मला जे दिलं त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. म्हणूनच कदाचित — पण नको. हे ‘म्हणूनच’ नको. कारणं द्यायची नाहीत असं ठरवून लिहायला बसलोय.

माझा विषय आर्थिक इतिहासाचा होता. विदर्भ-मराठवाड्यातून सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आलेल्या आपल्या लोकांच्या घरांत पहिला डॉक्टर कसा घडला? वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास लिहिणारे कॉलेजांबद्दल लिहितात, अभ्यासक्रमाबद्दल लिहितात. एक मुलगा पाच-सहा वर्षं शिकत असताना त्या घरात कुणाचं काय थांबलं, हे कोण लिहितं? मला ते लिहायचं होतं. विषय चांगला होता. अजूनही तसंच वाटतं.

त्यासाठी मी विमलमावशींकडे जायचो. नावं प्रबंधात बदलली होती, इथेही बदललेलीच आहेत. मावशी मूळच्या अकोल्याकडच्या. यजमान एका मंत्रालयात शिपाई म्हणून लागले आणि क्लार्क होऊन निवृत्त झाले, नंतर वारले. मुलगा मिलिंद डॉक्टर, गुरुग्रामला मोठ्या फ्लॅटमध्ये राहतो. मावशी मात्र राहायच्या लक्ष्मीबाई नगरात, मुलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये. सुनंदाताई मिलिंदहून मोठ्या. मंत्रालयातच नोकरी, लग्न केलं नाही. त्या ऑफिसला गेल्या की दुपारी मी पोचायचो, रेकॉर्डर मध्ये ठेवायचो, आणि मावशी आधी माझीच मुलाखत घ्यायच्या.

“जय भीम, बाबू. किती वाळला रे! त्या हॉस्टेलात रोज राजमाच देतात का?”

“कधी छोलेही देतात, मावशी.”

“मग तर झालंच तुझं कल्याण. बस, पिठलं टाकते.”

अशा घरात बसून मी माझं काम केलं. पिठलं खाल्लं, आणि — थांबा, क्रमाने सांगतो.

एका दुपारी मावशी बोलता बोलता थांबल्या. मग रेकॉर्डरकडे बघतच म्हणाल्या, “सुनंदाचाबी नंबर लागला होता मेडिकलला, दुसऱ्या खेपेला. दोघांचा एकाच वर्षी. दोघं हॉस्टेलात ठेवायची ऐपत नव्हती आमची. हे म्हणत होते, काहीतरी करू, दोघांना पाठवू. मी नाही म्हटलं. निकाल लागला तेव्हा सुनंदा अकोल्याला माझ्या भावाकडे होती. मी ह्यांना म्हटलं, तिला कळवू नका. जाऊ द्या तारीख. ती आली तवर प्रवेश बंद झाले होते. तिला सांगितलं, फोनच लागला नाही. मी केलं हे, बाबू. तिच्या बापाचा काही दोष नाही.”

मी रेकॉर्डर चालूच ठेवला. बोलायचं नसतं, ऐकायचं असतं, असं आम्हाला शिकवलेलं.

“तिला मी सांगणार आहे,” त्या म्हणाल्या. “मरायच्या आधी सांगणार. पण आधी मला सांगू दे. तू तिला काही विचारू नको.”

मी कबूल केलं.

प्रकरण लिहून मॅडमना दिलं. मावशींचं ते बोलणं मी त्यात घातलं नव्हतं — संकोचाने म्हणा. एवढंच लिहिलं होतं की मुलगा शिकला आणि मोठी बहीण नोकरीला लागली. मॅडमनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. “यात बहिणीचा आवाज कुठे आहे? ती काय म्हणाली? जाऊन विचार.” योग्यच प्रश्न होता. मला सांगता आलं असतं की मी शब्द दिलाय, विचारू शकत नाही. मॅडमनी समजून घेतलं असतं. ते पान रिकामं राहिलं असतं, एवढंच.

मला ते रिकामं नको होतं.

मी ताईंना विचारलं नाही, शब्द पाळला. आणि खोलीवर बसून त्यांचा आवाज स्वतःच लिहिला — मावशींच्या तोंडी, अवतरणचिन्हांत. ‘सुनंदा पोळ्या लाटत होती. लाटणं बाजूला ठेवून म्हणाली, आई, मिलिंदला शिकू दे. मी नोकरी करते.’ झालं. एवढीच वाक्यं. अकोला गाळलं. लाटणं का सुचलं? माहीत नाही. ते लिहिताना मला बरं वाटत होतं हे मात्र आठवतं. आपल्या घरांतही मुलींना असं थांबवलं जातं हे त्या वातानुकूलित सेमिनार रूममध्ये, आपल्यातल्या नसलेल्या त्या लोकांसमोर वाचायची वेळ येणार नव्हती. आणि माझीही एक मोठी बहीण आहे. दहावीला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते तिला, आणि ती दहावीनंतर थांबली. का थांबली, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.

आमच्या कामात एक पद्धत आहे. ज्याची मुलाखत घेतली त्याला आपण लिहिलेलं वाचून दाखवायचं, त्याची संमती घ्यायची. ही पद्धत कशासाठी आहे? आमच्यासारख्यांनी खोटं लिहू नये म्हणून. मी मावशींकडे गेलो आणि वाचून दाखवलं. सगळं. ते लाटणंसुद्धा. मला वाटलं होतं त्या चिडतील, आणि मग मी खोडून टाकीन. खरंच असं वाटलं होतं का? की आज वाटतंय?

मावशी चिडल्या नाहीत. चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या.

“असं म्हणाले का मी?”

“हो मावशी.”

“सुनंदा असं म्हणाली, असं सांगितलं मी तुला?”

“हो. असंच.”

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, “बरं झालं सांगितलं ते.” आणि चहा ठेवायला उठल्या.

प्रबंध मान्य झाला की मुलाखतींची रेकॉर्डिंग पुसून टाकायची, असंही आम्ही संमतीपत्रात लिहून दिलेलं असतं. इतरांची पुसायला मी कित्येक महिने लावले. मावशींची प्रबंध मान्य झाला त्याच संध्याकाळी पुसली.

प्रबंधाचं पुस्तक झालं. ते तीन ओळींचं अवतरण लोकांना फार आवडलं. जिथे बोलावलं तिथे मी ते वाचायचो, आणि सभागृह शांत व्हायचं. मला नोकरी लागली, त्यात त्या ओळींचा वाटा नाही असं मी म्हणू शकत नाही.

मग आपल्या लोकांनी कोपर्निकस मार्गावर एका हॉलमध्ये छोटासा कार्यक्रम ठेवला. पुस्तकातली आई कोण हे लक्ष्मीबाई नगरात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मावशींनीच अभिमानाने सांगितलं होतं. त्यांचा सत्कार झाला. पांढरी साडी, हातात गुच्छ. माइक दिला तर घेईनात, मग घेतला. मी पहिल्या रांगेत होतो.

“माझी सुनंदा पोळ्या लाटत होती,” त्या म्हणाल्या.

 शब्द माझे होते. एकेक शब्द. लाटणं बाजूला ठेवलं, मिलिंदला शिकू दे, मी नोकरी करते. मला वाटलं, पाठ केलंय, माझी लाज राखण्यासाठी बोलतायत. आणि मग त्या थोडं हसल्या, डोळे मिटले, म्हणाल्या — “तिच्या इथे, कपाळाला, पीठ लागलं होतं. मी पदराने पुसलं.”

हे मी लिहिलं नव्हतं.

तुम्हाला कसं सांगू? कपाळावरचं पीठ मी कुठेच लिहिलं नव्हतं. मावशींना ते दिसत होतं. जे स्वयंपाकघर कधी घडलंच नाही, त्यात त्या उभ्या होत्या. मुलगी त्या दिवशी अकोल्यात होती हे ज्या बाईने स्वतः मला सांगितलं, तिच्या डोक्यात आता अकोला नव्हतं. मी ते काढलं होतं. प्रबंधातून काढलं होतं, एवढंच मला वाटत होतं.

टाळ्या पडल्या. डॉक्टर मिलिंद डोळे पुसत होते.

चहाच्या टेबलाशी सुनंदाताई माझ्याजवळ आल्या. कागदी कप दोन्ही हातांत धरून.

“सर, एक विचारू? हसू नका हं. मी तर तेव्हा अकोल्याला होते ना? मामाकडे?”

“अच्छा?” मी म्हणालो. 

“मला बिल्कुल आठवतंय. मी परत आले तर प्रवेश संपले होते. बाबांनी सांगितलं, फोन लागला नाही.” मग अगदी हळू, “आई तुमच्याशी बोलली तेव्हा नेमकं हेच म्हणाली? दुसरं काही — काहीच नाही बोलली?”

आयुष्यभर त्या हाच प्रश्न घेऊन आईसोबत एका छपराखाली राहत होत्या, हे तेव्हा मला लख्ख कळलं. उत्तर जगात फक्त माझ्याकडे होतं. आई तिथेच, दहा पावलांवर, मिलिंदच्या मुलीला बिस्कीट भरवत होती.

“हेच म्हणाल्या,” मी म्हणालो.

“पक्कं?”

“पक्कं.”

ताई हसल्या. “चलो, मग माझंच काहीतरी चुकत असेल. एवढी वर्षं झाली, यार.” आणि माझ्या कपात चहा कमी आहे म्हणून त्यांनी आणखी ओतला.

लिहिताना मी त्या सेमिनार रूमला घाबरलो होतो, वाचून दाखवताना मावशींना. पण इथे कशाला घाबरलो? समोर एक बाई उभी होती आणि तिला आईचा एक शब्द हवा होता. तो माझ्यापाशी होता. मी तो दिला नाही.

मावशी मागच्या हिवाळ्यात गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. क्वार्टरच्या समोर मांडव घातला होता. वंदना झाली, एकेक जण बोलला. मिलिंदना बोलवेना. मग सुनंदाताई उठल्या. मला वाटलं — खरं सांगू? मला आशा वाटली की त्या अकोल्याचं बोलतील. भरल्या मांडवात सांगतील की हे पुस्तक खोटं आहे.

“मी पोळ्या लाटत होते,” ताई म्हणाल्या. “लाटणं बाजूला ठेवलं आणि आईला म्हटलं, मिलिंदला शिकू दे.”

आणि बोलता बोलता त्यांचा हात वर गेला. त्यांनी कपाळ पुसलं.

मी पुढेच बसलो होतो. मान खाली घातली आणि बाकीच्यांबरोबर हात जोडले.