कप हुंगणारी बाई

जालना रोडवरच्या हॉस्पिटलात ती बाई बाकावर माझ्या शेजारी बसली होती. दारूनं नवऱ्याचं लिव्हर गेलं, तेव्हा हिनं आपल्यातलं अर्धं दिलं होतं. नवऱ्यानं चहा घेतला की ही आधी कप ओढून हुंगायची, मगच त्याला द्यायची. हसताना कुशीवरचे टाके हातानं दाबून धरायची.

मी तिला म्हणालो, "माझ्या दादाला माझं लिव्हर पाहिजे. पण पिऊन त्यानं मला भर लग्नातून हाकललं होतं. आधी माफी, मगच लिव्हर!"

"व्हय भाऊ," ती हसली, "पण माफी मागायला तो जित्ता राहिला पाहिजे ना?"

मी उठून तपासणीला आत गेलो.

दादा आता ठणठणीत आहे. माफीचं नाव नाही. उलट हल्ली माझ्यासारखाच भडकतो आणि वर म्हणतो, "मी काय करू? लिव्हर तुझं हाय!"