हप्ते थकल्याचं त्याला कुणी सांगितलं?

आमच्या शेजारच्या अंबूबाईंचं बंगळूरच्या गवीपुरातलं घर एका गृहनिर्माण सोसायटीकडे गहाण होतं. त्यांचे यजमान नागोजी चिकपेटेत कोट शिवायचे. सत्तावन्न सालच्या सुमारास त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, सुईत दोरा ओवेना, आणि हप्ते थकले.

अशात भगवंतराव नावाचे गृहस्थ दारात आले. घरच्यासारखं मराठी बोलले. हप्ते थकलेल्यांना कर्जात सूट मिळतेय, ती मी आणून देतो. तोवर सोसायटीची पायरी चढू नका, पैसाही भरू नका, म्हणाले. आपल्या भाषेतला माणूस म्हणून दोघांनी विश्वास टाकला. अंबूबाईंनी पाटल्या विकून त्याची फी दिली.

सूट आली नाही, लिलावाची नोटीस आली. भगवंतराव तोवर बिऱ्हाड हलवून पसार झाला होता.

अंबूबाई सोसायटीच्या सेक्रेटरींसमोर, कृष्णमूर्तींसमोर, जाऊन उभ्या राहिल्या आणि कानडीतून सगळं सांगितलं. ते म्हणाले, फसवलं त्यानं, सोसायटीनं नव्हे. लिलाव नियमानंच होणार.

अंबूबाईंनी शांतपणे विचारलं, "अण्णा, आमचे हप्ते थकलेत हे आम्हाला ठाऊक आणि तुम्हाला. मग त्याला कुणी सांगितलं?"

कृष्णमूर्तींनी अंबूबाईंना बसायला खुर्ची दिली.

चौकशीत निघालं ते असं, की त्यांच्याच कचेरीतला एक कारकून थकलेल्यांची नावं भगवंतरावाला विकत होता. गोष्ट बाहेर जाऊ नये असं काही संचालकांचं म्हणणं पडलं. कृष्णमूर्तींनी सांगितलं, झाकायचं असेल तर आधी माझा राजीनामा घ्या. कारकुनाची नोकरी गेली, लिलाव रद्द झाला, दंड माफ झाला, आणि नागोजींचे डोळे बरे होईपर्यंत हप्ते थांबले. फसलेली आणखीही घरं होती. त्या प्रत्येक दारात कृष्णमूर्ती स्वतः गेले. अंबूबाईंकडे आले तेव्हा उभ्याउभ्याच म्हणाले, "अक्का, चूक आमच्याकडची होती. माफ करा."

"कर्ज देणाऱ्यानं दारात येऊन असं बोलावं, हे मी बापजन्मी पाहिलं नव्हतं," असं त्या मला सांगायच्या. भगवंतराव कधीच सापडला नाही, पाटल्या गेल्या त्या गेल्याच. पण त्याला त्यांनी शिव्याशाप दिलेले मी ऐकले नाहीत.

नागोजींना ऑपरेशननंतर दिसू लागलं, मशीन पुन्हा चालू झालं आणि सदुसष्ट साली घर गहाणातून मोकळं झालं. शुक्रवारी अंबूबाई बनशंकरीच्या देवळात पिळलेल्या लिंबाच्या सालींचे दिवे लावायच्या, एक घरासाठी, एक कृष्णमूर्तींच्या मुलाबाळांसाठी. ते तुमच्या नात्यातले का, असं मी एकदा विचारलं.

"नातं कसलं? आमचं ऐकून घेतलंय त्यांनी," म्हणाल्या, आणि वात पुढे सारली.