ताईचा माकडमहिना

फोनवर आमचा सिनेमावेड्यांचा एक गट आहे. ठाण्याच्या एका बाईंनी तो सुरू केला आणि मग कल्याण, नाशिक, साताऱ्यापर्यंतची माणसं त्यात येत गेली. मी वळ गावातल्या एका गोदामात डिस्पॅचला काम करते. दिवसभर खोक्यांवरचे नंबर आणि ट्रकवाल्यांची घाई. जेवणाच्या सुट्टीत गटात डोकावलं की डोकं जरा मोकळं व्हायचं. गटात मधूनमधून आव्हानं निघायची. या वर्षी बाईंनी जाहीर केलं, की महिनाभर रोज एक सिनेमा बघायचा आणि त्यात माकड, वानर, गोरिला, चिंपांझी असं कुणीतरी महत्त्वाच्या कामात हवं. नुसतं या झाडावरून त्या झाडावर उडी मारून गेलेलं चालणार नाही. बघून झालं की चार ओळी लिहायच्या. एक दिवस चुकला की बाद. गटात लगेच कुणीतरी त्याचं 'माकडमहिना' असं बारसं केलं, आणि मीही गंमत म्हणून माझं नाव दिलं.

पहिल्या दिवशी मी एक जुना काळापांढरा सिनेमा लावला. जंगलात वाट चुकलेल्या एका शास्त्रज्ञाच्या मागे गोरिला लागतो, असा काहीतरी. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून मी पलंगावर बसले होते. तेवढ्यात ताई कारखान्यातून आली, पर्स खुंटीला अडकवून माझ्या मागे उभी राहिली आणि एकदम जोरात हसली. ऐन भीतीच्या प्रसंगात.

माझ्या या मोठ्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती कपड्यांच्या एका कारखान्यात शिलाईला आहे. तिचं हसणं फार मोठं असतं, आणि आम्हा घरच्यांना ते आवडतं. ती हातांनी बोलते. इथे मी ते शब्दांत लिहिते आहे.

"मागे घे," ती म्हणाली. मी सिनेमा थोडा मागे घेतला. "बघ. पाठीवर चेन आहे."

खरंच होती. गोरिला झुडपाकडे वळला तेव्हा त्याच्या पाठीवरचे केस मानेपासून कमरेपर्यंत सरळ रेषेत दुभंगले होते. मी हसायला लागले, पण ताईचं हसू तोवर गेलं होतं.

"आतला माणूस दमलाय," ती म्हणाली. "गरम होतंय त्याला. हात बघ कसे टाकतोय." आणि ती माझ्या शेजारी येऊन बसली.

ताईनं आमच्याबरोबर सिनेमा बघायला बसणं, ही तशी घडणारी गोष्ट नव्हती. सिनेमात माणसं सारखी बोलतात. खाली मराठी अक्षरं क्वचितच येतात, आणि इंग्रजी आली तर वाचून होईपर्यंत निघून जातात. दहावीनंतर तिनं टीव्हीसमोर बसणं सोडलंच होतं. पण गोरिला बोलत नव्हता. त्याला राग आला की खांदे सांगत होते, भीती वाटली की पाय सांगत होते. ताईला माझ्याआधी सगळं कळत होतं, आणि या वेळी 'काय झालं?' हे मी तिला विचारत होते.

त्या रात्रीच्या चार ओळींत मी चेनीची गोष्ट लिहिली आणि 'हे माझ्या बहिणीला दिसलं' असंही लिहिलं. बाईंचं उत्तर आलं, 'बहिणीला रोज बसवा.'

आईला मात्र हे पसंत पडलं नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती भाजी निवडता निवडता थांबली आणि मला म्हणाली, "दुसरं काय बघायला न्हाय का तुला?"

"का गं?"

"गल्लीतली पोरं तिला काय म्हनायची, इसरलीस? हात हलवले की माकडचाळे चाललेत म्हनून हसायची. पोरंच न्हाय, बाया पन. मी भांडून भांडून थकले. आनि आता तूच तिला महिनाभर माकडं दाखवतेस?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फोन उलटा ठेवला. ताई समोरच होती. तिनं अर्धं आईच्या ओठांवरून आणि उरलेलं आईच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

"ते काय म्हणायचे मला माहीत आहे," ती आईला म्हणाली. "ऐकलं नाही, पण बघितलंय. हसणारा माणूस लांबूनही कळतो." मग तिनं फोन सरळ केला. "मला हे बघायचंय. आवडतंय मला."

आई पुन्हा भाजी निवडायला लागली. पण पुढचे काही दिवस आम्ही सिनेमा लावला की ती उठून आत जायची आणि भांडी जरा जास्तच वाजवायची. ताईला त्याचा त्रास नव्हता, मला होता.

सिनेमे सगळे चांगले होते असं मुळीच नाही. एकात ओरांगउटान हॉटेलात वेटर होतं. एकात माकड फुटबॉलचा गोलकीपर. एका सिनेमात तर माकडापेक्षा नायकच जास्त उड्या मारत होता आणि ताईनं त्याला महिन्यातलं सर्वांत वाईट माकड ठरवलं. मामेबहिणीच्या साखरपुड्याच्या दिवशी आव्हान बुडतंय असं वाटलं. तेव्हा गणेशपुरीला जाताना आम्ही एसटीतच सिनेमा बघितला. इयरफोन घरी राहिले होते आणि गाडीभर लोकांना माकडांचा आवाज ऐकवणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी आवाज बंद केला. पहिल्यांदाच मी अख्खा सिनेमा ताईसारखा बघितला. खिडकीबाहेर भाताची खाचरं जात होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका चिंपांझीच्या भुवयांकडे एवढा वेळ लक्ष देऊन बघत होते. पुढच्या सीटवरच्या एक आजी मान वळवून शेवटपर्यंत बघत राहिल्या. उतरताना त्यांनी मला विचारलं, "त्याची आई सापडली ना त्याला?" म्हटलं, सापडली.

महिना अर्ध्यावर आला असताना तो माहितीपट लागला. एका चिंपांझीच्या पिल्लाला माणसांच्या घरात वाढवतात आणि खुणांची भाषा शिकवतात, त्याची ती गोष्ट होती. पिल्लू 'पाणी' म्हणायचं, 'ये' म्हणायचं, 'खेळ' म्हणायचं. ताई खूश होऊन त्याच्या खुणा आमच्या खुणांशी ताडून बघत होती. 'ही वेगळी, ही आपल्यासारखी.' मग प्रयोगाचे पैसे संपतात आणि पिल्लाला लांब कुठल्यातरी पिंजऱ्यात पाठवतात. तिथल्या कामगारांना खुणा येत नाहीत. ते जाणाऱ्या-येणाऱ्याला 'ये, खेळ' म्हणत राहतं, आणि माणसं बादल्या घेऊन पुढे जात राहतात.

ताई उठून उभी राहिली. "थांबव," म्हणाली. मी थांबवलं. "ते बोलतंय. तो माणूस बघत का नाही?" तिचे हात इतके जोरात चालले होते की बांगड्या वाजत होत्या. स्वयंपाकघरातून आई बाहेर आली.

थोड्या वेळानं ताई म्हणाली, "आज तू लिहू नकोस. मी सांगते. माझा व्हिडिओ काढ."

मी खिडकीकडे तिचा चेहरा करून तिला बसवलं. ती बोलली आणि मी मागून मराठीत सांगत गेले. ती म्हणाली, "त्या पिल्लाला थोडंच बोलता येत होतं, पण ते बोलत होतं. त्याला बोलायला शिकवलं आणि मग जिथे कुणालाच हातांची भाषा कळत नाही तिथे नेऊन ठेवलं. मी ठाण्याच्या कर्णबधिर शाळेतून सुट्टीला घरी यायचे, तेव्हा गल्लीत मला असंच वाटायचं. पण माझ्या घरी बाबा होते. बाबा कापड विणायच्या लूमवर काम करायचे. लूमच्या आवाजात कुणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. तार तुटली, शेठ आला, चहा आला, सगळं हातांनी. माझ्या पहिल्या खुणा त्याच आहेत. त्या पिल्लाला बाबा नव्हते."

शेवटचं वाक्य सांगताना माझा आवाज कापला. तो तसाच व्हिडिओत राहिला.

गटात एकदम गर्दी झाली. बरेच जण लिहीत होते, की आम्ही हाच माहितीपट बघितला होता, पण असा नाही. एका सभासदानं मात्र हरकत घेतली. 'नियम लिहिण्याचा आहे. व्हिडिओ कसा चालेल?' मी चिडून उत्तर टाइप करायला लागले. ताईनं माझा हात धरला आणि स्वतःच दुसरा छोटा व्हिडिओ काढायला लावला. "तुम्हाला इंग्रजीत लिहायला लावलं तर जसं होईल, तसं मला मराठीत लिहिताना होतं. मी लिहीन, पण ते माझं अर्धंच असेल. हातांनी सांगते तेव्हा पूर्ण असतं. तुम्हाला अर्धं हवंय की पूर्ण?"

बाईंनी एका शब्दात निकाल दिला, 'पूर्ण.' हरकत घेणाऱ्यानं हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि त्यानंतर तो रोज सगळ्यांत आधी ताईचा व्हिडिओ बघायला लागला. त्या दिवसापासून रोज ताईच बोलली. माझं काम फोन धरायचं आणि आवाज द्यायचं. गोदामात मला कुणी विचारलं की मी सांगायचे, "मी नाही हो, माझी ताई करते ते."

बाबांनी तो पिल्लाचा व्हिडिओ माझ्या फोनवर दोनदा बघितला. वर्षानुवर्षं लूमवर काढल्यानं त्यांनाही आता कमी ऐकू येतं. मग तो स्वतःच्या फोनवर घेतला आणि चप्पल घालून बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले, तर नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी स्वतःचा फोन त्यांच्या जुन्या लूममधल्या दोघांसमोर धरला होता. "देखो, मेरी बेटी है," ते ओरडून सांगत होते. "पूरा महाराष्ट्र देख रहा है."

महाराष्ट्र नव्हे, आमचा गटच. पण मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

महिना संपत आला तेव्हा बाईंनी विचारलं, "शेवटचा सिनेमा सगळ्यांनी मिळून बघायचा का? आणि तुमच्याकडे येऊ का आम्ही? ताईंना भेटायचंय."

आमच्या दोन खोल्यांत एवढी माणसं मावणार कुठे? बाबा त्यांच्या जुन्या शेठकडे गेले. शुक्रवारी लूम बंद असतात. शेठनी कापडाच्या गठ्ठ्यांची मोठी खोली रिकामी करून दिली; तिला खिडकी नाही, त्यामुळे दुपारीही अंधार. पडद्याला कोरं कापड लूमवरचंच. कल्याणच्या एका सभासदानं प्रोजेक्टर आणला. एरवी तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी पंख्याचा आवाजही मोठा वाटत होता. गटातले बरेच जण आले, ताईच्या शाळेतल्या मैत्रिणी आल्या, तिच्या कारखान्यातल्या बायकाही आल्या. आई चहाची किटली घेऊन दारात उभी होती. आत बसायला तयार नव्हती.

शेवटच्या सिनेमाची निवड ताईची. बर्फाच्या डोंगरात राहणाऱ्या माकडांच्या एका टोळीवरचा, एकही शब्द नसलेला. सिनेमा लावण्याआधी तिनं बोलावं असं ठरलं होतं आणि आवाज मी देणार होते. ती समोर उभी राहिली. निळा पंजाबी ड्रेस, स्वतः शिवलेला. तिनं सुरुवात केली आणि मला एक शब्द फुटेना. इतक्या लोकांसमोर तिला तशी ताठ उभी मी कधी बघितलीच नव्हती. ती थांबून माझ्याकडे बघत राहिली.

मागच्या रांगेतून बाबा उठले. पुढे आले, मला खांद्यानं बाजूला सारलं आणि ताईला हातानं खूण केली, चालू दे.

बाबांचा आवाज लूमवाल्यांचा असतो, भिंतीपलीकडे जाणारा. "माझी मुलगी म्हनते," त्यांनी सुरू केलं, "लोक म्हनतात माकड मानसाची नक्कल करतं. ती म्हनते, महिनाभर मी उलटंच बघितलं. मानसंच माकडांची नक्कल करत होती. कातडं घालून, घामाघूम होऊन. ज्यांनी माकडाकडं नीट बघितलं होतं त्यांनाच ती जमली. ज्यांनी बघितलं नव्हतं, त्यांनी नुसत्या उड्या मारल्या." लोक हसले. बाबा हसू थांबायची वाट बघत राहिले. "ती म्हनते, लहानपनी माझ्या हातांना लोक माकडचाळे म्हनायचे. आता मी त्यांना सांगेन, आधी नीट बघा, मग बोला."

एवढं सांगून बाबा थांबले. ताईचे हात थांबले होते म्हणून.

तिच्या मैत्रिणींनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले. त्यांच्यात टाळ्या अशाच वाजवतात. एक क्षण बाकीच्यांना कळलं नाही. मग बाईंनी हात वर केले, मग सगळ्या खोलीनं.

सिनेमा झाल्यावर कुणी उठेना. लोक ताईला प्रश्न विचारत राहिले. बाबा सांगायचे, अडले तर मी. ते माकड पिल्लाला पाण्यात का घेऊन जात होतं, म्हातारी माकडीण एकटी का बसली होती. ताई प्रत्येकाला उत्तर देत होती. एकाला तर तिनं म्हातारीसारखं बसूनच दाखवलं, आणि ती अगदी तशीच दिसली.

तेवढ्यात आमच्या गल्लीतली एक बाई दारातून डोकावली. "काय गं, कसली गर्दी?" तिनं आईला विचारलं.

"माझ्या थोरलीचा कार्यक्रम हाय," आई म्हणाली.

"काय बोलतेय ती?"

आईनं किटली खाली ठेवली, तिच्या दंडाला धरलं आणि माणसांतून वाट काढत तिला पार पहिल्या रांगेत नेलं. "इथं बस," म्हणाली. "मागून हात दिसत न्हाईत." आणि स्वतःही तिच्या शेजारी बसली.