उलट्या हाताचे काका

थांबा, बाकीचं राहू दे, हे आत्ताच सांगायला हवं. माझ्या चार वर्षांच्या भाचीने आत्ता गरम पुरीला हाताची मागची बाजू लावली आणि मला म्हणाली, "करंट नाय. खा."

हे तळमजल्यावरच्या काकांचं वाक्य आहे. काका अंबरनाथच्या फॅक्टरीत इलेक्ट्रिशियन होते. शॉक बसला की मूठ आवळते, हात चिकटून बसतो, म्हणून ते आधी उलटा हात लावायचे. वायरलाच नाही हं. चहाच्या कपाला, गेटला, भाजीवाल्याच्या वांग्यांनासुद्धा.

चार वर्षांपूर्वी ताई हिच्याच बाळंतपणाला आमच्या कॅम्प पाचमधल्या घरी आली तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. लंगोट सुकणार कसे, म्हणून बाबांनी बाजारातून विजेवर गरम होणारा टॉवेलचा रॅक आणला. चकचकीत स्टीलच्या दांड्या. सिंधी दुकानदार म्हणाला होता, "साईं, बस प्लग लगाओ."

बाळ दुसऱ्या दिवशी घरी येणार होतं. बाबांनी काकांना वर बोलावलं.

काकांनी होल्डरला बल्ब लावला, एक वायर लाइनला, दुसरी अर्थिंगला, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या वायरला. बल्ब पेटलाच नाही.

"अर्थिंग मेलंय. नाय लावणार."

"भाऊजी, बाळ उद्या येतंय," आई चिडली.

"म्हणून तर नाय लावणार. दांडीत करंट उतरला तर ओल्या हाताने धरणार कोण? तुमचीच पोरगी ना?"

काका अर्थिंगची वायर धरून शोधत गेले. ती बाथरूममागे नळाच्या पाइपला गुंडाळलेली. पाइप प्लास्टिकचा.

"कुठल्या येड्याने बांधलं हे?"

"तुम्हीच," बाबा म्हणाले. "तेव्हा पाइप लोखंडी होता. मग प्लास्टिकचे टाका म्हणून मीटिंगमध्ये भांडलात पण तुम्हीच."

काकांनी डोकं खाजवलं. "आयला. म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचं अर्थिंग मीच मारलं की."

पाऊस जरा थांबल्यावर बिल्डिंगमागे नव्या अर्थिंगसाठी खड्डा खणला. इस्त्रीवाल्याने कोळसा दिला, घराघरातून जाडं मीठ आलं. काका तांब्याच्या प्लेटवर थर टाकत ओरडत होते, "वहिनी, हात सोडून घाला. आमटी नाय करायची." नवी वायर वर आली आणि बल्ब लख्ख पेटला. मग रॅक शॉवरपासून लांब लागला, स्विच बाथरूमच्या बाहेर, आणि करंट गळला की आपोआप पडणारा ईएलसीबी बोर्डावर. त्याचं टेस्टचं बटण काकांनी आईकडूनच दाबून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाळ आलं, ऊबदार लंगोटात गुंडाळलं गेलं. काकांनी त्याच्या गालाला उलटा हात लावला.

"करंट नाय," म्हणाले. हात तसाच राहिला. मग हळूच, "नाय नाय. आहे. थोडा आहे."

उन्हाळ्यात आई अजून त्या खड्ड्यात पाणी ओतते, खड्डा सुकला की अर्थिंग मरतं, असं काकांनी बजावलं होतं म्हणून. काका मात्र गेल्या महिन्यात बदलापूरला मुलाकडे राहायला गेले. टेम्पोत बसायच्या आधी ते भाचीसमोर वाकले, तर तिने त्यांच्या गालाला उलटा हात लावला.

"आहे," ती म्हणाली.

काका टेम्पोत चढले. टेम्पो वळेपर्यंत समोरच बघत बसले.

तुमच्याकडे पण झालंय का असं? माणूस गेला राहायला दुसरीकडे, आणि त्याची सवय तुमच्याच घरात राहिली?